पडद्यावरचा बाण

त्या बाईंना सगळे मास्तर म्हणत. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायचं आणि कापायचं काम ज्याच्याकडे, तो कटिंग मास्तर; ते काम यांच्याकडे, म्हणून या मास्तर. सुरुवातीला एका नव्या कारागिराने 'मास्तरीणबाई' अशी हाक मारून बघितली होती. बाईंनी कात्री खाली ठेवली, चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "मी काय मास्तरांची बायको आहे का?" तेव्हापासून मास्तर म्हणजे मास्तर.

बाई तिखट. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. कुणी बाही अर्धं बोट लांब शिवली तर ती सगळ्यांसमोर उसवायला लावत, आणि उसवणाऱ्याचं तोंड पडलं की स्वतःच त्याच्या शेजारी बसून पुन्हा टाचून देत. शिव्या खाणारी माणसंच त्यांना सोडून जायला तयार नसत, हे एक कोडंच होतं.

कारखाना दुसऱ्या मजल्यावर. एक लांबलचक खोली, शिलाई यंत्रांच्या दोन रांगा, मधोमध कापड पसरायचं टेबल, खिडकीशी इस्त्रीची वाफ आणि कोपऱ्यात मास्तरांचं टेबल. त्यावर कॉम्प्युटर, आणि शेजारी प्लॉटर, म्हणजे खाटेएवढं लांब छपाईचं यंत्र. मास्तर कॉम्प्युटरवर कोटाचे, पाटलोणीचे तुकडे आखत, प्रत्येक मापासाठी लहानमोठे करत, आणि प्लॉटर ते रुंद कागदावर काढून देई. तो कागद कापडावर पसरायचा आणि त्याबरहुकूम कात्री चालवायची. कागद चुकला की थानच्या थान वाया. म्हणून त्या कोपऱ्याला कारखान्यात मान होता.

अशा या बाई एका सकाळी कारखान्याच्या जिन्यावर पडल्या. धावत नव्हत्या, कुणी ढकललं नव्हतं, नुसती पायरी चुकली. खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, स्क्रू बसले, आणि डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "घरात चालाल, अंगणात चालाल. पण रोज दोन मजले चढउतार? तो विषय आता डोक्यातून काढा."

"किती दिवस?" बाईंनी विचारलं.

"दिवस नाही हो. कायमचाच."

त्या वेळी खोलीत त्यांची वहिनी होती. थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून दोघी एकाच घरात राहत, दिवसभर एकमेकींशी भांडत आणि एकमेकींवाचून एक घास खात नसत. डॉक्टर बाहेर गेले तशा वहिनी म्हणाल्या, "आता मालकांना काय कळवायचं, वन्सं?"

"महिनाभरात येते म्हणून कळवा."

"आणि महिन्याने?"

"महिन्याने बघू."

"अहो, खोटं किती दिवस टिकेल?"

"मला लागतील तेवढे दिवस टिकवीन," बाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

दुखण्याला त्या घाबरत नव्हत्या. भीती एकच होती. सकाळी उठायचं, केस विंचरायचे, आणि मग? आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही, असा दिवस त्यांनी मोठेपणी कधी पाहिलाच नव्हता. मालक चांगला माणूस. खरं कळलं तर तो डोळ्यांत पाणी आणेल, दोन गोड शब्द बोलेल आणि सन्मानाने निरोप देईल. त्या निरोपाची बाईंना धडकी भरली होती. तेव्हा त्यांनी मनाशी पक्कं केलं: आपण जिना चढू शकत नाही, पण आपलं काम चढू शकतं. ते इतकं सुरळीत चढवायचं की खरं सांगायची वेळ येईल तेव्हा आपल्याला काढायला कुणाकडे कारणच उरू नये.

"मग तो कॉम्प्युटरच घरी आणा की," वहिनी म्हणाल्या.

"आणि प्लॉटर? तो आपल्या दारातून आत येईल का? कागद तिकडेच निघायला हवा, वहिनी, कापड तिकडे आहे. मला इथे बसून तिकडचा कॉम्प्युटर चालवायचाय."

"एवढंच ना? माझ्या भावाला सांगते."

वहिनींचा भाऊ हे एक वेगळंच प्रकरण. त्याला सगळं येतं. गळका नळ असो, बिघडलेलं घड्याळ असो की कुणाचं मोडलेलं लग्न, हा बाह्या सरसावून हजर. दुसऱ्या दिवशी तो कारखान्यात गेला, कॉम्प्युटरवर एक फुकटचा प्रोग्राम टाकला, इंटरनेटच्या राऊटरमध्ये बाहेरच्या जगातून थेट त्या कॉम्प्युटरपर्यंत यायला एक वाट उघडी करून दिली, आणि चहा गार व्हायच्या आत घरी येऊन बाईंच्या मांडीवर वहिनींचा लॅपटॉप ठेवला. "घ्या. तुमचा कारखाना."

खरंच की! लॅपटॉपवर कारखान्यातला पडदा जसाच्या तसा. बाईंनी माऊस हलवला, तिकडचा बाण हलला. बाईंचा चेहरा असा उजळला की वहिनींनी भावाला दुसऱ्यांदा चहा केला.

आता पासवर्डचं. कारखान्यात सगळ्याला एकच पासवर्ड होता: कारखान्याचं नाव आणि पुढे एक दोन तीन. तो पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला असे. ही काही बेफिकिरी नव्हती, हा तिथला रिवाज होता. मालकांचे वडील, थोरले मालक, यांनी कारखाना काढला तेव्हाच सांगितलं होतं, "आपल्यात कुलूप फक्त रस्त्यावरच्या दाराला. आत कशालाही नाही." खणांना कुलूप नाही, कपाटाला नाही, कुणाची पिशवी कुणी उघडत नाही. त्याचा सगळ्यांना अभिमान होता. त्यामुळे वहिनींच्या भावाने त्या नव्या वाटेलाही तोच पासवर्ड लावला तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नाही. मास्तरांनाही नाही.

बाईंनी कारखान्यात फोन करून सांगितलं, "पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला की समजा मी आले."

मग काय विचारता! बाण हलला की सगळी खोली पडद्याकडे बघून हात करायची. "मास्तर, आज उशीर?" "मास्तर, जेवलात का?" शिवणाऱ्या बायका जाता येता बाणाची चौकशी करत. इस्त्रीवाले काका तर एकदा चुकीची दुमडलेली बाही घेऊन पडद्यासमोर धरून उभे राहिले आणि मग फोन केला, "बघितलंत ना? हे असं शिवतात!"

"काका, मला तुमचा कॉम्प्युटर दिसतो. तुम्ही नाही दिसत."

"बाहीपण नाही?"

"बाहीपण नाही."

"मग कशाला एवढा वेळ हात वर करून उभा राहिलो मी?" काका खरोखर चिडले.

हे काका कारखान्यातले सगळ्यांत जुने. जेवणाच्या सुट्टीत मास्तरांच्या कॉम्प्युटरवर पत्त्यांचा डाव मांडायचा, ही त्यांची एकमेव चैन. मास्तर त्यावरून त्यांना बोलत, पण कधी उठवत नसत.

इस्पितळातल्या नर्सच्या कोटांचं मोठं काम आलं होतं. बाईंनी घरात बसून त्याचे पॅटर्न आखायला घेतले. काम झरझर पुढे सरकत होतं. आणि एका दुपारी त्या व्यायामाच्या दवाखान्यातून काठी टेकत घरी येत होत्या तोच फोन वाजला. काका.

"मास्तर, माझ्यावर रागावलात का?"

"का हो?"

"आता जेवणाच्या सुट्टीत तुम्ही आलात. मी हात केला, 'या' म्हटलं. तुम्ही माझा डाव बंद केलात. ते ठीक, तुमचं काम मोठं. पण मग भराभर काय काय उघडत सुटलात, ना फोन, ना काही."

बाई रस्त्यातच थांबल्या. "काका, मी आत्ता दवाखान्यातून येतेय. लॅपटॉप घरी मिटून ठेवलाय."

"मग हा कोण?" काकांनी हळूच विचारलं.

"बाण अजून हलतोय?"

"हलतोय की."

"कॉम्प्युटरच्या मागे निळी वायर आहे. ओढा."

"कुठली, ती जाड..."

"निळी! ओढा म्हणते ना!"

काकांनी वायर ओढली ती भिंतीतल्या खोबणीसकट. ज्या बाणाला अख्खा कारखाना 'या, बसा' म्हणत होता, तो कुणा परक्याचा होता. जगात कुठेतरी बसलेला कुणी, उघड्या वाटा हुडकत फिरणारा, वाटेवरच दिसणाऱ्या कारखान्याच्या नावापुढे एक दोन तीन टाकून सरळ आत आला होता. आणि आपल्या माणसांनी त्याला ओळखलं नाही, कारण तो मास्तर म्हणून आला होता.

"होतं असं कधी कधी," वहिनींचा भाऊ म्हणाला.

"तुमच्याकडे होत असेल," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे होत नाही. आणि तुमच्यावर तरी कशाला आग पाखडू? वाट कशी उघडली, हे मी एका शब्दाने विचारलं नाही. कापडाला हात न लावता कधी बेतलं होतं का मी? मग हे का घेतलं डोळे मिटून?"

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस कारखान्यात येऊन गेला. आत कोण काय ठेवून गेलंय ते सांगता येत नाही, म्हणाला. सगळं पुसून नव्याने भरायला हवं. दर शनिवारी सगळ्या पॅटर्नची एक नक्कल डिस्कवर घेऊन घरी आणायची बाईंची सवय होती, म्हणून जुनं सगळं वाचलं. नर्सच्या कोटांचं काम मात्र बाई पडल्यानंतरचं, त्याची नक्कल कुणी घेतली नव्हती. ते गेलं.

मालकांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "मास्तर, सोमवारी कोटांचं कापड टेबलावर पडणार. तोवर कागद नसले तर मी पॅटर्न बाहेरून करून घेतो. आणि हे घरून यायचं आता बंद. तुम्ही नीट बऱ्या व्हा, मग या."

मग या! बाईंना ते शब्द कानात चटका बसल्यासारखे लागले. मालक बंद म्हणाले ते महिनाभरासाठी, पण बाईंचं ते कायमचंच बंद होणार होतं.

"बंद नका करू, मालक. कुलूप लावू द्या."

"आपल्यात कुलूप..."

"तो नियम थोरल्या मालकांनी आपल्या माणसांसाठी केला होता. परवा आला तो आपला नव्हता. वाट माझ्यासाठी उघडली होती, ती नीट बंद करायची जबाबदारीही माझीच. सोमवारी कागद तयार असतील. मला फक्त काकांचे हात द्या, दिवसातून थोडा वेळ."

"सोमवारपर्यंत," मालक म्हणाले, आणि फोन ठेवला.

मग बाईंनी कंबर कसली, तीही मोडलेल्या खुब्यासकट. उशीला टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, दिसेल ते वाचायला सुरुवात केली. जे समजेना ते पुन्हा वाचलं. दुरुस्तीवाल्याला फोन करकरून भंडावलं, तो बिचारा शेवटी म्हणाला, "बाई, तुम्ही माझी परीक्षा घेताय का?" पण त्यातून चित्र साफ झालं. कॉम्प्युटरची वाट बाहेरच्या जगाला दिसताच कामा नये. राऊटरमध्येच व्हीपीएनची सोय होती, आजवर कुणी वापरली नव्हती एवढंच. व्हीपीएन म्हणजे आपल्यापुरती खाजगी वाट. फक्त ज्या लॅपटॉपची ओळख राऊटरला पटवलेली आहे, तोच त्या वाटेने कारखान्याच्या आत येणार. आत आल्यावर मग कॉम्प्युटरचं दार; तिथे बाईंचं स्वतःचं खातं, लांबलचक पासवर्ड, आणि दर वेळी मोबाईलवर येणारा आकडा. चार चुकीचे पासवर्ड टाकले की दार बंद. तो फुकटचा प्रोग्राम गेला, उघडी वाट बुजली.

आणि चिठ्ठी काढून टाकायची. तिथेच घोडं अडलं.

"म्हणजे आता मास्तरांच्या कॉम्प्युटरला कुलूप?" काका फोनवर म्हणाले. "मी इथे म्हातारा झालो, मास्तर. कधी कुणाचं सुईएवढं उचललं नाही. आता आम्ही चोर झालो होय?"

बाईंना चटकन उत्तर सुचलं होतं, तिखट. त्यांनी ते गिळलं.

"काका, तुम्हाला चोर कोण म्हणतंय? पण पासवर्ड सगळ्यांचा असला की आलंय कोण तेच कळत नाही. तो भामटा माझ्या नावाने आला म्हणून तुम्ही त्याला हात केलात. माझ्या नावाने मीच यावं, दुसऱ्या कुणी येऊ नये, एवढंच म्हणणं आहे माझं. तुम्हीसुद्धा नाही, मालकसुद्धा नाही."

एकदम काकांचा आवाज बसला. "मी हात केला हो त्याला. 'या' म्हटलं. उभ्या आयुष्यात चोराला कधी 'या' म्हटलं नव्हतं." नाक ओढल्याचा आवाज आला. "सांगा, काय दाबू?"

पुढचे दिवस काकांचं एक बोट आणि बाईंचा आवाज, यांवर ते काम चाललं. लॅपटॉपची ओळख म्हणून राऊटरमध्ये अक्षरांची एक लांबच लांब माळ भरायची होती. बाई वाचत, काका एकेक अक्षर शोधून दाबत.

"बी."

"मोठा की छोटा?"

"मोठा."

"हा सापडत नाही. काल इथेच होता."

"काका, अक्षरं रात्रीतून हलत नाहीत."

"बाणही हलत नसतो म्हणे आपोआप," काका म्हणाले. बाईंनी पुढचं अक्षर वाचलं.

माळ दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बसली. मग बाईंचं नवं खातं. त्याला काकांनी साधासा तात्पुरता पासवर्ड घातला. "आत आले की मी बदलणार आहे," बाईंनी आधीच सांगून टाकलं.

"म्हणजे मलाही नाही कळणार?"

"तुम्हालाही नाही."

"बरं," काका म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "बरंच आहे ते. मला विसरायचीही कटकट नाही."

सगळं भरून झालं, बाईंनी इकडून जोडणी केली, तर काहीच होईना. व्हीपीएन लागला, पण कॉम्प्युटर उत्तर देईना. बाईंनी सगळं पहिल्यापासून तपासलं. वहिनी शेजारी भाजी निवडत होत्या, त्यांनी न राहवून विचारलं, "आता काय झालं?"

"काका, पडद्यावर काय दिसतंय?"

"काही नाही. काळा आहे. एक बटण दाबलं की जागा होतो."

"अहो, झोपतोय तो! काम नसलं की आपोआप झोपतो, ते बंद करायचं राहिलं."

"भर दुपारी झोपतो?" काका संतापले. "आम्ही इथे घामाने भिजतोय आणि हा झोपतो?"

झोप बंद केली. बाईंनी पुन्हा जोडलं, मोबाईलवरचा आकडा टाकला, पासवर्ड टाकला, आणि समोर कारखान्यातला पडदा उभा राहिला. त्याच क्षणी फोनवर काका ओरडले, "गेला! मास्तर, सगळं गेलं! इथे नुसतं कुलपाचं चित्र आलंय!"

"म्हणजे मी आले, काका."

"पण बाण कुठाय?"

"आता बाण दिसणार नाही. मी आत असले की बाहेरच्याला कुलूपच दिसतं. असंच हवं ते."

"मग तुम्ही आलात हे आम्हाला कळणार कसं?"

"कागद बाहेर येईल की." हे बोलल्यावर बाईंना स्वतःलाच थोडं कसंतरी झालं. पण त्यांनी आधी पासवर्ड बदलला आणि वहिनींच्या भावाला फोन लावला. "तुम्हाला सगळं येतं ना? आता तुमच्या घरून आत येऊन दाखवा. दिवसभर झटा."

तो खरंच दिवसभर झटला. संध्याकाळी येऊन बसला आणि मान हलवत म्हणाला, "दारच सापडत नाही हो, ठोठावणार कशाला?" बाईंनी त्याला स्वतःच्या हाताने चहा ओतून दिला.

मालकांना यातलं सगळं पसंत होतं, एक सोडून. "पासवर्ड मला सांगून ठेवा, मास्तर. अडीअडचणीला लागतो."

सोमवार तोंडावर होता. आपली खुर्ची कुठल्या धाग्यावर लटकतेय हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. तरी त्या म्हणाल्या, "नाही सांगणार."

"मी मालक आहे."

"म्हणून तर कॉम्प्युटरचं मुख्य खातं तुमच्या हातात दिलंय. पॅटर्न सगळे तुम्हाला दिसतील, उघडतील, छापता येतील, ते कारखान्याचेच आहेत. मला काढायचं झालं तर तेही एका बटणात करता येईल तुम्हाला. पण मी इथे असेपर्यंत माझ्या नावाने तुम्ही आत यायचं नाही. एकाला सांगितलं की ती पुन्हा चिठ्ठी झाली, नुसती तोंडी."

मालक हसले की चिडले ते फोनवरून कळलं नाही. पण पुन्हा त्यांनी मागितला नाही.

नर्सचे कोट बाईंनी पुन्हा पहिल्यापासून आखले. पाठ, छाती, बाही, खिसा. गेल्या खेपेला खिसा अंमळ वर बसला होता, वाकलं की पेन पडलं असतं. या खेपेला तो खाली घेतला. काम गेलं त्याचं एवढं एक बरं झालं. खुबा ठणकायला लागला की काठी घेऊन खोलीत चार पावलं टाकायची आणि पुन्हा बसायचं. वहिनी म्हणायच्या, "अहो, जीव द्याल का त्या कोटांपायी?" बाई ऐकायच्या नाहीत. सोमवारी कारखाना उघडला तसा प्लॉटर घरघरला आणि कागद टेबलावर उतरायला लागला. कापड पसरलं, कागद त्यावर बसला, कात्री फिरली. दुपारपर्यंत पहिला कोट शिवून झाला. एका शिवणाऱ्या बाईने तो अंगात घालून खोलीभर चालून दाखवला, आणि काकांनी फोन करून त्याचं इतकं वर्णन केलं की जणू नवरी बघून आलेत.

संध्याकाळी मालकांचा फोन आला. फार खुशीत होते. "मास्तर, मानलं तुम्हाला! आता पुढच्या महिन्यात तुम्ही आलात की ही सगळी भानगड काढून टाकू, पहिल्यासारखं सुरू."

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. बाईंनी डोळे मिटले.

"मी येणार नाही, मालक."

"म्हणजे? अजून महिना हवाय?"

"कधीच येणार नाही. जिना मला बंद झालाय. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी तुमच्याशी खोटं बोलले."

फोनमध्ये कारखान्याचा आवाज येत होता. कुणीतरी हसत होतं, इस्त्रीची वाफ सुस्कारत होती.

"आधी सांगायचं होतंत," मालक म्हणाले.

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही मला मानाने घरी बसवलं असतं. तुम्ही चांगले आहात, म्हणूनच सांगितलं नाही. आता सांगते, कारण आता तुम्ही पाहिलंय. मी येत नाही, पण काम येतं. रोज येईल. चालणार असेल तर सांगा, नसेल तर तेही सरळ सांगा."

"चालेल," मालक म्हणाले. फार विचारही केला नाही त्यांनी. "न चालायला काय झालं? कोट तर पाहिले आज. चालेल, मास्तर."

बाईंच्या जिवात जीव आला. एवढ्यासाठी तर सगळा आटापिटा केला होता. आणि मग मालक, अगदी सहज, मनात काहीही वाईट नसताना, म्हणाले, "मग तुमचं ते टेबल हलवलं तर चालेल ना? कोपरा नुसता अडून राहिलाय. कापडाच्या कडा शिवायचं ओव्हरलॉकचं यंत्र बसेल तिथे."

सगळ्याचा विचार केला होता त्यांनी, वाटेचा, कुलपाचा, पासवर्डचा, एवढा एक राहिला होता. आपण जिंकलो तर तिथे आपली जागा उरणार नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"हलवा," त्या म्हणाल्या. "कॉम्प्युटर प्लॉटरमागच्या फळीवर ठेवा, वाफेपासून लांब. आणि त्याचा प्लग कुणी काढायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आत होत्या, कोटाची कॉलर दुरुस्त करत, तेव्हा जोडणी तुटली. त्यांना माहीत होतं का तुटली. तिकडे चार माणसं टेबल उचलत असतील. त्या टेबलाच्या कडेला त्यांनी आयुष्यभर डावा हात टेकला होता. बाई रडल्या. खुबा मोडला तेव्हा रडल्या नव्हत्या, त्या आता तोंडावर पदर घेऊन हमसून हमसून रडल्या. वहिनी येऊन शेजारी बसल्या, पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, "रडा हो, वन्सं. मी आहे."

डोळे पुसून बाईंनी जोडणी केली. लागली नाही. थोडं थांबून पुन्हा केली. नाही. पुन्हा केली. या खेपेला आकडा मागितला, तो दिला. पासवर्ड मागितला, तो दिला. आणि कॉलर जिथे सोडली होती तिथेच समोर आली.

फोन वाजला. काका होते, धापा टाकत होते.

"मास्तर, टेबल हललं. कॉम्प्युटर बसवला फळीवर. त्यावर कुलूप दिसतंय." मग लहान आवाजात त्यांनी विचारलं, "तुम्ही आहात ना अजून?"

"आहे," बाई म्हणाल्या. "कागद लावा, काका. कॉलर पाठवतेय."